अजून ती बंदूक झालेली नाही

रविवार, १४ सप्टेंबर

ड्वेनने आज गॅरेजचं दार उघडलं. एप्रिलनंतर पहिल्यांदाच.

मी चर्चमधून परतले तेव्हा आतला दिवा लागलेला दिसला, आणि मी गाडी तशीच चालू ठेवून नुसती बघत बसले. आमचा मुलगा केसी गेल्यापासून हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीवरून फक्त जेवायला उठतो, आणि तेसुद्धा मी हाक मारली तर. आज तो वाकून काहीतरी घासत होता. मान तशीच तिरकी, जीभ दातांत धरलेली. पंचवीस वर्षं पाहिलेली ती मान. मला रडू आलं.

"काय करतोयस?"

"रायफल."

"अरे, पण रायफली सगळ्या बर्लकडे आहेत ना?"

"त्या विकतच्या. ही मी करणार. हरणांचा मोसम उघडेपर्यंत होईल."

मोसम उघडेपर्यंत! म्हणजे त्याला नोव्हेंबर दिसतोय. मला तर उद्याचा दिवस दिसत नव्हता गेले पाच महिने.

पास्टरच्या बायकोने ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, जड वाटेल ते लिहून ठेव. आज पहिल्यांदाच हलकं लिहितेय.

बुधवार, १७ सप्टेंबर

मनात एक किडा वळवळत होता, की हे कायद्यात बसतं का? शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटले आणि सरळ ट्रूडीच्या दुकानात गेले. ट्रूडी आमच्या कोल्ड फोर्क गावाला बंदुका विकते, शिकारीचे परवाने देते आणि कोणाचं कुणाशी बिनसलंय तेही सांगते.

"ट्रूडी, माणसाने घरी बंदूक बनवली तर पोलीस येतात का गं?"

"कोण बनवतंय? तू?"

"ड्वेन."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखी हसली. "आपल्या राज्यात स्वतःपुरती बनवायला कोणी अडवत नाही. विकायला बनवली तर मात्र भानगड. आणि कोर्टाने बंदी घातलेल्या माणसाने बंदुकीला हातही लावायचा नाही. ड्वेनवर तसलं काही नाही ना?"

"नाही."

"मग करू दे की. नवरा गॅरेजात आहे म्हणजे कुठे आहे ते तरी ठाऊक असतं. माझा कुठे असतो ते देवालाच माहीत."

"पण एवढ्या खटाटोपाचा काही उपयोग?"

"शून्य. माझ्याकडची तयार रायफल स्वस्त पडेल आणि जास्त चांगली असेल. पण नदीवर दिवसभर बसून दोन मासे आणणाऱ्याला कोणी सांगतं का, की बाजारात स्वस्त मिळतात म्हणून?"

मी हसतच घरी आले.

कोर्टाच्या बंदीवरून मे महिना आठवला. डॉक्टरांनी ड्वेनला सांगितलं होतं, मनाच्या उपचारासाठी थोडे दिवस इस्पितळात राहा. तो म्हणाला, "तिथं गेलो तर आयुष्यभर बंदूक धरू देणार नाहीत." इथले सगळे पुरुष असंच म्हणतात, खरं-खोटं कोण जाणे. मग बर्ल आला. आमच्या वरच्या अंगाला राहणारा, सत्तरी ओलांडलेला, केसीला हरणाचा माग काढायला शिकवणारा. दारातच टोपी काढून म्हणाला, "ड्वेन, माझं कपाट रिकामं पडलंय. तुझ्या रायफली थोडे दिवस माझ्याकडे राहू देत." जास्त काही बोलला नाही. आमच्याकडे हे असंच करतात. जे म्हणायचं असतं ते कोणी म्हणत नाही, कपाट रिकामं असतं एवढंच.

ड्वेनने आमच्या तळघरातल्या बंदुकांच्या कपाटाची किल्ली दिली. कपाटापुढे एक खोकं आडवं पडलं होतं, कधीकाळी हौसेने मागवलेलं. बर्ल म्हणाला, "यात काय?" ड्वेन म्हणाला, "सुटे भाग. अर्धवट लोखंड." बर्लने ते बुटाने बाजूला सरकवलं आणि कपाट उघडलं.

त्याच खोक्यातून आता रायफल होणार आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज त्याने मक्याच्या पावाचा दुसरा तुकडा मागून घेतला. हातांना तेलाचा वास. तो वास मला एवढा आवडतो हे मला माहीतच नव्हतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

ड्वेनला घराचा कळवळा आला आहे! छपराच्या पन्हाळ्या साफ केल्या. पोर्चची हलणारी पायरी ठोकली. दुपारी मला तळघरात बोलावलं आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची हवा गाळायची जाळी कशी बदलायची ते दाखवलं.

"हा कडेवरचा बाण असा आत. उलटा लावलास तर घरभर धूळ."

"तू आहेस की लावायला."

"येत असलेलं बरं."

मग जनित्र. बर्फात वीज गेली की तोच ते चालू करतो, मी नुसती टॉर्च धरते. आज माझ्याकडून दोरी ओढून घेतली. मला जमेना. पूर्वी हसला असता, आज हसला नाही. मागे उभा राहून माझ्या हातावर हात ठेवून पुन्हा पुन्हा ओढायला लावली, शेवटी एकदाचं ते घरघरलं. आता येतं मला, असं मी ठोकून दिलं.

"कुठे दौऱ्यावर निघालास की काय?" मी म्हटलं.

"कुठे नाही."

त्याचा हात माझ्या हातावर जरा जास्त वेळ राहिला. किती दिवसांनी.

शनिवार, ११ ऑक्टोबर

चर्चच्या अंगणात सफरचंदाचा मुरंबा शिजवला. तांब्याची मोठी कढई, लाकडाचा जाळ, आणि दिवसभर आळीपाळीने ढवळायचं. क्षणभरही थांबायचं नाही, नाही तर तळाला लागतो. गेल्या वर्षी केसी ढवळत होता आणि मुलींकडे बघता बघता थांबला म्हणून म्हाताऱ्यांनी त्याला झोडपला होता.

यंदा दांडा बर्लकडे होता. "ड्वेन नाही आला?"

"गॅरेजात आहे. रायफल करतोय स्वतःची."

बर्लचा हात थांबला.

"अहो बर्ल, ढवळा! पुढच्या पिढीसाठी ठेवायचाय का जाळून?" बायका ओरडल्या.

त्याने दांडा दुसऱ्याच्या हातात दिला आणि मला जरा बाजूला घेतलं. "कशाची करतोय?"

"ते खोकं होतं ना, कपाटापुढचं."

"मी पायाने सरकवलं होतं ते," तो म्हणाला. मग, "झोपतो का तो?"

"आता छान झोपतो. खातोही."

"हं," बर्ल म्हणाला. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या डोळ्यांना धूर सोसवत नसावा.

संध्याकाळी तो आमच्याकडे आलाच. मी कॉफी घेऊन गॅरेजात गेले तेव्हा दोघं बाकापाशी उभे होते.

"सुबक करतोयस," बर्ल म्हणत होता. "माझ्याकडे देतोस? बाकीच्यांबरोबर ठेवतो."

"काय ठेवणार? अजून ती बंदूक झालेली नाही, बर्ल. कायदासुद्धा तिला बंदूक म्हणत नाही. लोखंडाचा तुकडा आहे. माझ्या बाकावरचा लोखंडाचा तुकडा नेणार तू?"

बर्लने बाकावरचा हात मागे घेतला. दुसऱ्याच्या कुंपणातलं पडलेलं सफरचंदही विचारल्याशिवाय न उचलणारा माणूस तो. त्याने कॉफी संपवली आणि टोपी घातली. जाताना मला म्हणाला, "केंड्रा, माझा फोन उशाशी असतो."

चांगला आहे म्हातारा. एकटा पडलाय, बोलायला कोणी हवं असतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

ड्वेनने केसीच्या मासेमारीच्या काठ्या चर्चच्या मुलांना देऊन टाकल्या. स्वतःची लाकूड कापायची करवत बर्लला नेऊन दिली. मी म्हटलं, हिवाळा तोंडावर आलाय, आपल्याला लाकूड कोण कापणार? तर म्हणाला, कापून रचून ठेवलंय, दोन हिवाळे पुरेल.

खरंच ठेवलंय. शेडची पूर्ण भिंत भरली आहे.

पास्टरची बायको म्हणते ना, सोडून देता आलं पाहिजे. तो माझ्याआधी शिकला. मी अजून केसीचा टॉवेलसुद्धा धुतलेला नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

तो बोलला! आपणहून, जेवताना.

"त्याच्या गाडीचे ब्रेक मी बसवले होते."

केसीची ती चार जाड चाकांची गाडी. एप्रिलमधल्या चिखलात, खदानीच्या जुन्या रस्त्यावर उलटली. पोलिसांनी तपासून सांगितलं होतं की ब्रेक शाबूत होते, उतार निसरडा होता. मी तेच पुन्हा म्हणाले.

"त्यांना काय कळतं? ते बघतात आणि निघून जातात. मी तीस वर्षं यंत्रांवर काम केलं. कुठेतरी माझा हात चुकला."

"ड्वेन, नाही रे."

"ही चुकणार नाही," तो म्हणाला. मला क्षणभर कळलं नाही, कोण ते. "अडकणार नाही. एकदाही नाही. बोल्ट असा सरकतो, केंड्रा, लोण्यातून सुरी."

मग बराच वेळ तो रायफलीबद्दलच बोलत राहिला, आणि मी ऐकत राहिले. पुन्हा कसला तरी अभिमान आहे त्याच्या आवाजात. ट्रूडी म्हणाली शून्य उपयोग. तिला काय माहीत!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रायफल जवळजवळ झाली. आज त्याने माझ्या हातात दिली. अक्रोडाचा दस्ता, त्याने हाताने तेल चोळून आणलेला, आपल्या जेवणाच्या टेबलासारखा गडद. मी लहानपणापासून बंदुका पाहते आहे. एवढी देखणी पाहिलेली नाही. मी बाबांनी शिकवलं तशी खांद्याला लावली, एक डोळा मिटला, आणि नळीच्या टोकाकडे पाहिलं. जिथे नेमाची माशी, म्हणजे तो छोटा खुंट, असतो तिथे काहीच नव्हतं.

"अरे, माशी कुठाय? नेम कसा धरणार?"

"लागणार नाही," तो म्हणाला आणि रायफल माझ्याकडून परत घेतली.

जरा हिरमोड झाला. एवढं सगळं करून शेवटाला आळस! पण आता मला सुचलंय.  ट्रूडीकडून पितळी माशी आणि मागची खाच आणायची, आणि मोसम उघडायच्या आदल्या दिवशी त्याच्या ताटाशेजारी ठेवायची. आईशप्पथ, त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ट्रूडीवर मी भयंकर संतापले आहे.

दुकानात गर्दी होती, सगळे शिकारीची नारिंगी जाकिटं आणि काडतुसं घेत होते. मी माशी मागितली, ड्वेन काय म्हणाला तेही हसत हसत सांगितलं. ट्रूडीने काउंटरवर ठेवलेला खोका उचलून परत फळीवर ठेवला.

"मी तुला हे विकणार नाही, केंड्रा. इकडे आत ये. बस."

"का? काय झालं?"

"त्याने यंदाचा परवाना काढलेला नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये पहिला तो येतो. जाकीट नाही, काही नाही." तिने माझा हात धरला. "नेम धरायचाच नाही म्हणतो. असा माणूस किती लांबचं मारणार आहे, पोरी?"

मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. ती म्हणाली, "माझ्या भावाने जायच्या आठवड्यात सगळं घर रंगवलं होतं. आम्ही म्हणत होतो, किती छान, सुधारला." मी हात सोडवून घेतला आणि तिथल्या सगळ्या बाप्यांसमोर ओरडले, "माझा नवरा बरा होतोय!"

बरा होतोय तो. मी त्याच्या शेजारी झोपते, ट्रूडी झोपत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

चर्चला गेले नाही.

दुपारी भट्टीची जाळी बघायला तळघरात उतरले. बाण आत होता. मी बरोबर बदलली होती. तिथेच खालच्या पायरीवर बसले आणि एकेक मोजत राहिले.

जनित्र. पन्हाळ्या. दोन हिवाळ्यांचं लाकूड. मला वाटत होतं, तो घरात परत येतोय.

वर त्याच्या चालण्याचा आवाज येत होता. तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता, पोर्चच्या रंगाबद्दल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सगळा आठवडा मी शाळेत पोरांना ताटं वाढली आणि घरी येऊन त्याच्याकडे बघत राहिले. विचारायला तोंड उघडायचे आणि मीठ हवंय का एवढंच विचारायचे. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर मी विश्वास ठेवीन का?

आज तो दाढी-केस करून घ्यायला गावात गेला. मोसम उघडण्याआधी केस कापणारा माणूस मी पाहिलेला नाही. इथे सगळे दाढ्या वाढवतात. गाडी वळणाआड गेली तशी मी गॅरेजात गेले.

सबंध रायफल उचलायचं धाडस झालं नाही. ती त्याने केलेली आहे, आणि केसी गेल्यानंतर त्याने केलेली ती एकच गोष्ट आहे. मी फक्त बोल्ट काढून घेतला, गोळी आत ढकलणारा तो सरकता दांडा; त्याच्याशिवाय बार उडत नाही. खरंच लोण्यातून सुरी. पावाच्या रुमालात गुंडाळला, आणि चालत वर बर्लकडे गेले. डोंगर चढताना मनाशी म्हणत होते, कायद्याने आता ती पुन्हा बंदूक आहे की नाही कोण जाणे, पण तिने काही होणार नाही.

बर्ल दारातच होता. मी रुमाल पुढे केला. त्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "हे माझं काम होतं. मी त्या खोक्याला पाय लावला आणि वाटलं, झालं."

"त्याला कळेल."

"कळू दे. कळलं की तू एकटी असायची नाहीस, एवढंच बघ. सोमवारी सकाळी मी येतो."

"सोमवारी मोसम उघडतोय, बर्ल. तुम्ही रानात असणार."

"हरणं काही मला शोधत नाहीत," तो म्हणाला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

शाळांना आठवडाभर सुट्टी आहे, आमच्याकडे या दिवसांत शाळा भरतच नाहीत. उजाडताच डोंगरांवर बंदुकांचे बार वाजायला लागले. एक इकडे, एक तिकडे. काल दिवसभर गॅरेजाकडे न फिरकलेला ड्वेन आज मी उठायच्या आधीच तिथे गेला होता.

तो परत आला तेव्हा मी बकव्हीटच्या पिठाची धिरडी घालत होते. केस कापलेले, कपडे स्वच्छ, चेहरा पांढरा.

"बोल्ट कुठाय?"

"माझ्याकडे नाही."

"बर्लकडे?"

"हो."

मला वाटलं तो ओरडेल. तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला.

"पूर्ण झाली होती गं."

"माहीत आहे."

"केस जाईल एवढी फट नव्हती कुठे. तू पाहिलीस ना?"

"पाहिली. फार सुंदर केलीस."

"एक गोष्ट तरी नीट करायची होती," तो म्हणाला. बाहेर एक बार झाला आणि त्याचे खांदे उडाले. "कधी कधी वाटायचं, हरणासाठीच करतोय. खरंच. दस्त्याला तेल लावताना तर काहीच मनात नसायचं. मग संध्याकाळ व्हायची."

धिरडं करपलं. मी तवा उतरवला आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसले, त्याचे गुडघे धरून. मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मला जनित्र येत नाही. मी खोटं सांगितलं. मला काही येत नाही, ड्वेन."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बर्ल नारिंगी जाकीट घालूनच आला, सवयीने. बसला. धिरडी खाल्ली, करपलेलीसुद्धा. मग म्हणाला, "इस्पितळात चल. आपल्या पायाने गेलास, आपली सही केलीस, तर कोर्ट बंदी घालायला मध्ये येत नाही. मी विचारून आलोय."

"आणि येत असेल तर?"

"तर येऊ दे," बर्ल म्हणाला. "मी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा आज रानात गेलो नाही. काही मेलो नाही."

ड्वेन पहिल्यांदा हसल्यासारखा झाला, आणि मग तोंड झाकून रडायला लागला. केसीच्या मयतीतही तो असा रडला नव्हता. बर्ल खिडकीबाहेर बघत बसून राहिला.

गाडी मी चालवली. इस्पितळात एका तरुण नर्सने प्रश्न वाचून विचारले. घरात हत्यार आहे का? मी बर्लकडे पाहिलं. ड्वेन म्हणाला, "आहे. मीच बनवलंय," आणि सही केली.

मग तिने त्याचा पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतल्या, कागदी पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. ती पिशवी आत्ता माझ्या मांडीवर आहे. गाडीत बसून लिहितेय, बर्ल कॉफी आणायला गेलाय. मला माहीत नाही ड्वेन बरा होईल का. आतल्या लांब मार्गिकेतून तो चालत गेला, एका हाताने पॅन्ट सावरत, सैल झालेले बूट फरशीवर ओढत, आठवडाभरात म्हातारा झाल्यासारखा. दाराशी पोचला आणि मागे वळला.

"केंड्रा," तो म्हणाला, "आज रानातून बिथरलेली हरणं रस्त्यावर येतील. घरी सावकाश जा."